शोध लागल्यानंतरची कामं

पीएचडी संपवून मी ज्या छोट्या कंपनीत रुजू झाले, ती एका सरकारी संशोधन संस्थेत झालेल्या कामातून निघाली होती. भाजलेल्या आणि मधुमेहामुळे लवकर न भरणाऱ्या जखमांवर लावायची, ओलावा धरून ठेवणारी जेलची पट्टी हे आमचं उत्पादन. अशा कंपन्यांची आता महाराष्ट्रात नवलाई राहिलेली नाही. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात अशा कंपन्यांना सुरुवातीला आधार देणारं व्हेंचर सेंटर २००७ पासून आहे, पवईच्या आयआयटीत त्याच्याही आधीपासून 'साइन' आहे. अशा ठिकाणी काम करणारी तरुण मुलं-मुली भेटली की विचारतात, "मॅडम, तुम्ही काय शिकलात यातून?" माझ्याकडून दर वेळी वेगळं उत्तर निघतं. त्यातलं जे मनात टिकून राहिलं ते लिहिते आहे. तुमचा पदार्थ वेगळा असेल, संस्था वेगळी असेल, तेव्हा आपापल्या अनुभवाशी ताडून बघा.

१. एकदा जमणं आणि दर वेळी जमणं यांच्यामध्ये काही वर्षं जातात. आमच्या जेलमधला मुख्य घटक कायटोसॅन. तो कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. प्रबंधाच्या काळात मी परदेशी कंपनीची छोटीशी बाटली मागवली होती आणि माझे बहुतेक प्रयोग त्याच बाटलीतल्या पावडरीवर झाले. कंपनीत किलोंनी माल घ्यायला लागलो तेव्हा लक्षात आलं की या पोत्यातलं कायटोसॅन आणि त्या पोत्यातलं कायटोसॅन एकसारखं वागत नाही. कवचं कुठल्या किनाऱ्यावरची, ती अल्कलीत किती वेळ आणि किती तापमानाला ठेवली, यावर रेणूची लांबी ठरते. त्या लांबीवर जेल अंग धरणार की पाणी सोडणार हे अवलंबून असतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, मग पुरवठादार माल दुसरीकडून आणतो. त्याच्या प्रमाणपत्रावर शुद्धतेचा आकडा मात्र तोच असतो. त्या दिवसांत मी पुरवठादाराला फोन करून कोळंबीच्या जातीची चौकशी करत असे, आणि तो बिचारा सुद्धा दर वेळी शोधून सांगत असे. प्रबंधात या सगळ्याला एक ओळ मिळाली होती: 'कायटोसॅन विकत घेऊन तसंच वापरलं.' ती ओळ खरीच होती. पण आमच्या कंपनीची पहिली काही वर्षं त्या एका ओळीच्या पोटात गेली. मला आधी वाटायचं की शोध संस्थेत लागतो आणि कंपनीत त्याची फक्त अंमलबजावणी होते. आता वाटतं की संस्थेत शक्यता सापडते, आणि शोधाचा दुसरा, लांबलचक भाग कंपनीत पार पडतो.

२. अडचण रसायनाची असली तरी उत्तर रसायनात असेलच असं नाही. जखमेवर लावायची वस्तू निर्जंतुक हवी. अशा वस्तू बंद पाकिटातच गॅमा किरणांखाली धरतात. आपल्याकडे ट्रॉम्बेत 'आयसोमेड' हे केंद्र १९७४ मध्येच या कामासाठी उभं राहिलं. रूढ मात्रा २५ किलोग्रे. तेवढ्या मात्रेत जंतू मरतात, पण कायटोसॅनच्या साखळ्याही तुटतात आणि पट्टी पाकिटातच मऊ पडते. संस्थेत आम्ही नमुने अल्कोहोल आणि अतिनील प्रकाशावर भागवत होतो, त्यामुळे हा प्रश्न कधी समोरच आला नव्हता. मी माझ्या शिक्षणाप्रमाणे रेणूला सावरणारे घटक शोधत बसले. उत्तर निराळ्याच दिशेने आलं. वस्तू तयार होतानाच तिच्यावर जंतू अगदी कमी असतील, आणि ते कमी आहेत हे तुम्ही पुन्हा पुन्हा मोजून सिद्ध करू शकत असाल, तर १५ किलोग्रेसारखी कमी मात्रा वापरता येते. म्हणजे खोली, हवा, पाणी, हातमोजे, ओटे पुसायची पद्धत. ते काम आमच्या उत्पादन विभागातल्या बायकांनी केलं. कपडे बदलायच्या खोलीत बाकाच्या अलीकडे काय ठेवायचं आणि पलीकडे काय, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, कारण रोज तिथून येणं-जाणं त्यांचं होतं. जेल टिकलं ते त्यांच्यामुळे. आमच्या उत्पादनातला सगळ्यात महत्त्वाचा नवा विचार कुठला, असं कोणी विचारलं तर मी याच कामाकडे बोट दाखवते.

३. छापायची घाई आणि पेटंटची निकड या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. भारतात आणि युरोपात, अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला की त्याचं नावीन्य संपलं असं धरतात. सवलती अगदी मोजक्या. अमेरिकेत मात्र एका वर्षाची मुभा आहे. या फरकाचं सगळ्यात बोलकं उदाहरण जनुकं जोडायच्या तंत्राचं. स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे हर्बर्ट बॉयर यांचा लेख नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्डच्या नील्स रायमर्स यांनी पाठपुरावा करून नोव्हेंबर १९७४ मध्ये, वर्षाची मुदत संपता संपता, अर्ज दाखल केला. अमेरिकेतले हक्क वाचले, बाहेरच्या देशांतले गेले. तरीही त्या पेटंटांनी दोन्ही विद्यापीठांना मिळून २५ कोटी डॉलरहून अधिक मिळवून दिले. बॉयर यांनी १९७६ मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन यांच्याबरोबर जेनेंटेक काढली, आणि तिथे विकसित झालेलं मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये मान्य झालं. आज आपल्या घराघरांत जे इन्सुलिन टोचलं जातं त्याची मुळं तिथे आहेत.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही तेवढंच मोठं आहे. केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारची प्रतिपिंडं अखंड तयार करायची पद्धत शोधली. तिचं पेटंट झालंच नाही, आणि त्या पद्धतीवर जगभर उद्योग उभा राहिला. ब्रिटनला त्याची पुढे खंत वाटली, पण जगाचं नुकसान झालं असं मला म्हणवत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना 'लपवा' असं कधी सांगत नाही. तात्पुरता अर्ज आधी करा, पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात, आणि पोस्टर दुसऱ्या दिवशी लावा.

४. तंत्रज्ञान फाइलीतून जात नाही, माणसांबरोबर जातं. 'तंत्रज्ञान हस्तांतरण' म्हटलं की आपल्याकडे करार, सही, फोटो आणि एक जाडजूड अहवाल डोळ्यांपुढे येतो. मला इथे स्वराज ट्रॅक्टरची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण संस्थेतून निघालेल्या कंपनीला 'स्पिन-ऑफ' हा शब्द आपल्याकडे कोणी वापरत नव्हतं त्या काळातली ती आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत भारतीय रचनेचा ट्रॅक्टर तयार झाला. तो बनवायला पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी १९७० मध्ये मोहालीला निघाली, तेव्हा तो ट्रॅक्टर घडवणारे चंद्र मोहन आणि त्यांचे सहकारी अभियंते दुर्गापूर सोडून आराखड्याबरोबर तिकडे गेले. १९७४ मध्ये पहिला स्वराज बाजारात आला. पुढे २००७ मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली आणि आज आपल्या मराठवाड्यात, खानदेशात बांधाबांधावर स्वराज उभा दिसतो. नुसतं दूध दुसऱ्या घरी नेऊन दही लागत नाही, विरजण न्यावं लागतं. ती माणसं विरजण होती.

आमच्याकडे हे काम संस्थेतल्या एका तंत्र-सहायकांनी केलं. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे यायला लागले. मिश्रण किती ढवळायचं हे प्रबंधात मिनिटांत लिहिलेलं होतं. त्यांना ते ढवळणीच्या आवाजावरून कळायचं. आम्ही त्यांच्याजवळ उभं राहून तो आवाज ऐकला आणि मग मोटरवर पडणारा भार मोजायला उपकरण बसवलं. माणसाच्या अंगातलं ज्ञान यंत्राच्या आकड्यात आणायला त्या माणसाने शेजारी उभं राहावं लागतं. पेटंटवर त्यांचं नाव नाही. ते असायला हवं होतं, असं मला आजही मनापासून वाटतं.

५. सर कंपनीत आले की ते सर राहत नाहीत, आणि हे दोन्ही बाजूंना जड जातं. सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञाला नोकरीत राहून आपल्या शोधावरच्या कंपनीत भागीदारी घेता येईल, अशी वाट केंद्र सरकारने २००९ मध्ये मोकळी केली. त्याआधी राजीनामा देणं किंवा शोध दुसऱ्याच्या हाती सोपवणं एवढंच हाती होतं. वाट खुली झाली तरी नात्यांची सवय लगेच बदलत नाही. मी माझ्या मार्गदर्शकांसमोर खुर्चीत टेकून बसायलाही वर्षानुवर्षं संकोचले होते. त्याच माणसाला एका बैठकीत मला सांगायचं होतं की त्यांना सुचलेला नवा, अधिक सुंदर रेणू आपण घेणार नाही, जुनाच सुधारणार. मी म्हटलं, "सर, हा रेणू पेपरसाठी ठेवू या. रुग्णालयाला जुनाच द्यायचाय." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. इथे तू ठरव, तिकडे मी." त्या एका वाक्यावर आमची कंपनी चालली. ज्यांच्याकडे हे वाक्य उच्चारलं गेलं नाही त्या कंपन्या मी कुढत बंद पडताना पाहिल्या आहेत. याचा अर्थ प्राध्यापकाने बाहेरच राहावं असाही नाही. पवईच्या आयआयटीतले शशिकांत सूर्यनारायणन यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांबरोबर सेडेमॅक काढली आणि स्वतः ती पुढे नेली. त्यांची इंजिन-नियंत्रणाची उपकरणं आज आपल्या रस्त्यावरच्या दुचाकींमध्ये आहेत. निर्णय कोणाचा, हे आधी बोललं गेलं पाहिजे, एवढंच.

६. पैशाला वेळ कळला पाहिजे. जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योजकांसाठी केंद्र सरकारच्या 'बायरॅक' या संस्थेचं पहिलं अनुदान ५० लाखांपर्यंत असतं, मुदत १८ महिने. कल्पना खरी की खोटी हे तपासायला ते उत्तम आहे आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. आमच्यासारख्या कित्येकांना दुसऱ्या कोणी दारातही उभं केलं नसतं. पण जखमेवरच्या पट्टीला त्वचेशी जुळते की नाही याच्या चाचण्या, साठवणीत टिकते की नाही याचा अभ्यास, मग रुग्णांवरचा अभ्यास आणि मग परवाना, असं एकामागून एक जावं लागतं. यातल्या कशालाच घाई चालत नाही. अनुदान संपतं आणि गुंतवणूकदाराला विक्रीचे आकडे हवे असतात, त्या मधल्या पट्ट्यात चांगली कामं थांबतात.

७. नियमांचे कागद भरताना मी जास्त चांगली संशोधक झाले. वैद्यकीय उपकरणांचे आपले नियम २०१७ चे. प्रत्येक बदल लिहा, का केला ते लिहा, कोणी तपासला ते लिहा. सुरुवातीला वाटलं, विज्ञान बाजूला राहिलं आणि कारकुनी हाती आली. पण 'का केला' हा रकाना दर वेळी भरावा लागल्यावर माझ्या लक्षात आलं की संस्थेत असताना कित्येक गोष्टी मी आधीच्या विद्यार्थ्याने केल्या म्हणून करत होते.

८. जिच्या हातात वस्तू जाते ती जे बघते ते आमच्या कुठल्याच उपकरणाला दिसत नाही. आमची पट्टी किती पाणी धरते, किती ताणते, जखम किती दिवसांत भरते, याचे आलेख आमच्याकडे होते. एका जिल्हा रुग्णालयातल्या सिस्टरांनी पट्टी हातात घेतली, आलेखांकडे न बघता पाकीट फाडायला गेल्या आणि म्हणाल्या, "हातमोजे घातल्यावर हा कागद सुटत नाही हो ताई. नखाने सोडवला तर मोजा फाटतो." मग त्यांनी आणखी एक विचारलं: पट्टी पारदर्शक आहे हे चांगलं, पण जखमेवर लावल्यावर ती कुठे संपते हे कसं कळणार? त्यांना बदलताना कड सापडायला हवी होती. आम्ही मागचा कागद एका कोपऱ्यात बाहेर काढला आणि कडेला निळी रेघ आणली. तिथून परत मागण्या यायला लागल्या. त्या सिस्टर रोज इतक्या जखमा बांधत होत्या की त्या विषयात त्या माझ्याहून ज्येष्ठ होत्या. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना त्यांच्यासारखी एक व्यक्ती पहिल्या दिवसापासून खोलीत बसलेली असावी, आणि तिला त्या वेळेचं मानधन मिळावं.

९. स्वस्त करणं हाही शोधच आहे, आणि आपल्या देशात तो सगळ्यात निकडीचा आहे. पवईच्या आयआयटीतले राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांच्या कामातून काही रक्तकर्करोगांवरचा भारतीय बनावटीचा कार-टी उपचार उभा राहिला. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवून, परत त्याच्या शरीरात सोडायच्या. आयआयटीतून निघालेली त्यांची इम्युनोअॅक्ट ही कंपनी २०१८ ची. उपचाराला मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. प्रयोगशाळेतल्या सुरुवातीपासून धरलं तर हे साधारण दशकभराचं काम आहे. परदेशातल्या अशा उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात ते झालं. काही जण म्हणतात, मूळ कल्पना तर बाहेरचीच. मला हे बोलणं उथळ वाटतं. पेशीत जनुक नेणारा विषाणू-वाहक बाहेरून विकत न घेता स्वतः बनवायचा, ओळखणारा भाग मानवी शरीराला अधिक मानवेल असा बदलायचा, आणि सगळी प्रक्रिया इथल्याच माणसांकडून इथेच करून घ्यायची, यातल्या प्रत्येक पायरीला संशोधन लागतं. एक दशांश हा आकडा त्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. तरीही हा उपचार सामान्य घराला परवडत नाही, म्हणजे काम अजून उरलेलं आहे.

१०. संस्था जे मोजते ते तिथे वाढतं. इतकी वर्षं या दोन जगांच्या उंबरठ्यावर राहिल्यावर मला सगळ्यात जास्त बोचते ती ही गोष्ट. पदोन्नतीच्या अर्जात पेपरला रकाना असतो, पेटंटला असतो. एकच वस्तू शंभर वेळा सारखी करून दाखवली, पन्नास रुपयांची वस्तू वीस रुपयांत आणली, परवाना मिळवला, जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवली, याला रकाना नसतो. मग हुशार तरुण शास्त्रज्ञ त्या वाटेला का जाईल? अमेरिकेने १९८० मध्ये बे-डोल कायदा करून सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांकडे ठेवायची सोय केली. आपल्याकडे तशाच हेतूचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. त्या विधेयकावर योग्य आक्षेपही होते आणि मी ते समजू शकते. पण रकाने बदलायला संसदेची गरज नाही. मोठ्या रकमेच्या आशेने परवान्याचा करार अडकवून ठेवण्याऐवजी थोडा हिस्सा घेऊन तो लवकर मोकळा करायलाही कायदा आडवा येत नाही. स्टॅनफर्डने गूगलला शोधयंत्राचं पेटंट दिलं तेव्हा मोबदल्यात शेअर घेतले होते. ते पुढे ३३ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. तो आकडा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, यायची गरजही नाही. दार उघडं ठेवण्याची ती वृत्ती आपल्याला घेता येण्यासारखी आहे.

तुम्ही एखाद्या निवड समितीवर असाल, विभागप्रमुख असाल, किंवा संस्थेच्या नियामक मंडळावर तुमच्या शब्दाला वजन असेल, तर पुढच्या बैठकीत एवढं करा: समोर बसलेल्या उमेदवाराला पेपर किती हे विचारून झाल्यावर, त्याच्या कामातलं काय लोकांच्या हातापर्यंत गेलं आणि ते नेताना त्याच्याबरोबर कोण कोण होतं, हेही विचारा. त्याचं उत्तर गुणपत्रकात लिहा, आणि त्यातल्या तंत्र-सहायकाचं नाव पेटंटवर आहे का ते बघा.